उन्हाळ्यात दिवसाला पाणी किती, आणि चहा-ताक-रस हिशोबात धरायचे का?

धसकट
आमचा शेतकरी गट मे महिन्यातल्या कामांसाठी बांधावर एक फळा लावणार आहे. कामं नेहमीचीच: धसकटं वेचणं, शेणखत पसरवणं, बांध घालणं. वेळ सकाळी ६ ते ११. फळ्यावर "रोज आठ ग्लास पाणी प्या" असं लिहायचं ठरत होतं. मला ते पटत नाही. घरी पंख्याखाली बसणाऱ्याला आणि ४४-४५ अंशात टोपलं वाहणारीला एकच आकडा कसा चालेल?
जाणकारांनी दोन गोष्टी सांगा. माणशी किती पाणी धरायचं? आणि चहा, ताक, पन्हं, उसाचा रस, टरबूज यातलं काय पाण्यात मोजायचं, काय नाही? मोघम नको, मापात सांगा.

गावकुस
आठ ग्लासांची गोष्ट जुनी आहे. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं आणि लगेच जोडलं की यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं टाकून दिलं.
आजचे आकडे असे. युरोपातली शिफारस बायांना २ लिटर आणि पुरुषांना २.५ लिटर. अमेरिकेतली २.७ आणि ३.७. दोन्हींत अन्नातलं पाणी धरलेलं आहे, आणि तो वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो. वरण, कढी, आंबील रोज असेल तर त्याहून जास्त.
पण हे सगळं सौम्य हवेत, बेताच्या कामाला. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचा घाम तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. म्हणून कामाच्या वेळेचं पाणी दिवसाच्या आकड्यात कोंबू नका. ते तासावर धरा: दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २४० मिली. तासाला पाऊण ते एक लिटर होतं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, कारण मूत्रपिंडाची पाणी बाहेर टाकायची ताकद तासाला लिटरभराच्या आसपासच आहे.

वऱ्हाडी_ठेचा
आठ गिलास तं आमच्याकडं न्याहारीच्या आंधीच होते भाऊ. नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसात, गिलास नोका मोजू, पाण्याचे गुंड (घागरी) मोजा.

कपाशी७२
माझं मत वेगळं आहे. तहान लागली की प्यावं, एवढं पुरे. जनावरं काय घड्याळ लावून हौदावर जातात?

गावकुस
@कपाशी७२ घरी बसलेल्या धडधाकट माणसाला तुमचा नियम चालतो, त्यात वाद नाही. उन्हातल्या कामात तहान मागं पडते. घाम भराभर जातो आणि दोन-चार घोटांनी तोंड ओलं झालं की तहान भागल्यासारखी वाटते, पण तूट तशीच राहते. साठीच्या पुढं तर तहान मुळातच कमी लागते.
खात्री करायची असेल तर वजनकाट्यावर करा. कामाला जाण्याआधी आणि आल्यावर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन घ्या. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर पाण्याची तूट. ६० किलोच्या माणसाचं सव्वा किलो उतरलं की दोन टक्के झाले. इथून पुढं डोकं दुखणं, हात मंदावणं सुरू होतं. ही तूट भरताना दर किलोमागं सव्वा ते दीड लिटर प्यावं, कारण प्यालेल्यातलं थोडं लघवीवाटे जाणारच. तेही दोन-तीन तासांत, जेवणासोबत. एकदम नाही.

पानटपरी
चहाचं काय ते सांगा. चहानं आतलं पाणी सुकते असं सगळेच म्हणतात.

गोळ्या_औषधं
म्हणू द्या. चहातल्या कॅफिनमुळं लघवी किंचित वाढते, पण टपरीवरच्या छोट्या कपात कॅफिन फार तर २०-३० मिलिग्रॅम. रोज चहा पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवयही झालेली असते. कपात गेलेलं पाणी जवळपास सगळं अंगी लागतं.
२०१६ साली ब्रिटनमध्ये १३ पेयं तपासली होती. तरुण पुरुषांना आराम करत असताना एकेक लिटर पेय पाजलं आणि पुढचे काही तास लघवी मोजली. चहा, कॉफी, कोला यांचा निकाल साध्या पाण्यासारखाच आला. दूध आणि ओआरएस पाण्याहून जास्त वेळ अंगात टिकले, कारण त्यांत सोडियम-पोटॅशियम आहे, आणि दुधातल्या प्रथिनं-साखरेमुळं ते पोटातून सावकाश पुढं सरकतं.
म्हणजे चहा मोजा. पण कप ७०-८० मिलीचा. पाच कप झाले तरी अर्धा लिटर भरत नाही, आणि दर कपाला दोन चमचे साखर जाते ती वेगळीच. आजकाल टपरीवर जी एनर्जी ड्रिंकं मिळतात, त्यांच्या २५० मिलीत ७५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. ती उन्हातल्या कामावर नकोत.

वऱ्हाडी_ठेचा
आन् मोहाची? तेबी पाणीच दिसते.

गोळ्या_औषधं
दिसते. मेंदूतून एक संप्रेरक मूत्रपिंडाला "पाणी राखून ठेव" असा निरोप देत असतं, दारू तो निरोपच अडवते. वरच्या चाचणीत सौम्य बिअर पाण्याइतकीच निघाली होती, पण मोहाची गाळलेली असते, तिच्यात मद्यार्क कितीतरी जास्त. रात्री घेतली तर सकाळी माणूस कामावर तूट घेऊनच येतो. शिवाय ऊन चढतंय हे कळण्याची शुद्ध कमी होते ते वेगळं. मोजायची नाही.
निरा मोजा, पण पहाटेची ताजी. ऊन चढलं की आंबायला लागते आणि काही तासांत ती सिंदी होते.

ताकमेढी
आता मूळ मुद्द्याकडं. विदर्भातल्या उन्हात घामासोबत मीठ जातं, त्यामुळं नुसतं पाणी किती यावर थांबून चालत नाही. घामात दर लिटरला साधारण एक ते चार ग्रॅम मीठ असतं. माणसागणिक फरक, आणि उन्हाची सवय झाली की कमी. ही सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यात कामाचे तास कमी ठेवावेत.
आपल्याकडची पेयं यासाठी चांगली आहेत, फक्त माप पाळा.

ताक: एक वाटी दही, चार वाट्या पाणी. लिटरमागं मीठ अर्धा सपाट चमचा (५ मिलीचा), जिरेपूड. लोणी काढलेलं घ्या, जड होत नाही.

आंबील: चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून रात्रभर आंबवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात धार सोडा आणि गुठळी होऊ न देता दहा मिनिटं ढवळत शिजवा. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. पातळच ठेवा. पोटालाही आधार होतो, म्हणून न्याहारीला हे सगळ्यात उत्तम.

पन्हं: मध्यम कैरी चुलीत भाजून गर काढा. एक लिटर पाण्याला ६०-७० ग्रॅम गूळ आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लग्नातलं पन्हं याच्या दुप्पट-तिप्पट गोड असतं, ते तहानेचं पेय नव्हे. गोडी आठ टक्क्यांच्या वर गेली की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि काम करणाऱ्याला मळमळतं.

वऱ्हाडी_ठेचा
पन्ह्यात गूळ मोजून टाकाचा म्हणजे आत्याबाईची नाराजी फुकटात.

रसवंतीप्रेमी
उसाच्या रसावर अन्याय होऊन रायला. ताजा, निंबू-आलं टाकून, काय वाईट आहे त्यात?

ताकमेढी
वाईट काही नाही, पण साखर १३-१५ टक्के. २५० मिलीच्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर गेली. पाणी म्हणून मोजा, पण काम संपल्यावर एक ग्लास, कामाच्या मधे नाही. मधुमेह असेल तर अजिबात नको. आणि बर्फ कुठला ते विचारा. मासळी-भाजी थंड ठेवायची लादी फोडून ग्लासात टाकली तर रसासोबत हगवणही पोटात जाते, आणि मग पिलेल्याच्या दुप्पट बाहेर.

टरबूज, काकडी जरूर मोजा. टरबुजात ९२ टक्के आणि काकडीत ९५ टक्के पाणी. अर्धा किलो टरबुजाचा गर म्हणजे साडेचारशे मिलीच्या वर पाणी. सोबत मिठाची चिमूट.

कपाशी७२
मग सगळ्यांना ओआरएसच देऊन टाकावं. पुडे सरकारी दवाखान्यात मिळतातच.

गोळ्या_औषधं
नको. ओआरएस हगवण-उलटीसाठी आणि घामानं गळून गेलेल्या माणसासाठी आहे. दोन वेळ भाकर-भाजी खाणाऱ्याला मीठ जेवणातून मिळतं.
पण द्यायचं तेव्हा नीट द्यावं. २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. मीठ आणि ग्लुकोज आतड्याच्या एकाच दारातून जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागं पाणी ओढलं जातं. म्हणून हे प्रमाण मोडलं की औषधच मोडलं.
चुका नेहमी त्याच होतात. लिटरचा पुडा एका ग्लासात, हा तर धोकाच: रक्तातलं सोडियम चढतं, लेकरांना झटके येऊ शकतात. अर्धा पुडा आज, अर्धा उद्या, यात तळाशी काय उरलं त्याचा भरवसा नाही. पोराला आवडत नाही म्हणून वरून साखर, मग जुलाब वाढतात. दुधात किंवा सरबतात कालवणं. कालवल्यावर उकळणं. २४ तासांच्या वर ठेवणं. बाजारात २०० मिलीचे छोटे पुडेही असतात, म्हणून पुड्यावर किती पाण्याचा आहे ते आधी वाचा.
पुडा नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेका.
किराणा दुकानातल्या खोक्यातल्या गोड पेयांच्या नावात "ओआरएस" असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) असं नाव वापरायला मनाई केली. तरी जुनी सवय आहे, दुकानदार तेच हातात देतो. कागदाचा पुडा मागा.

पूर्णाकाठ
सगळे मीठ टाका म्हणून रायले, पण पाणी कुठलं ते कोणीच विचारलं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला आहे. इथल्या कित्येक बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याचं मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची हद्द. अशा पाण्यात ओआरएस कालवलं तर ते ओआरएस राहत नाही, खारट पाणीच होते. ताकातलं मीठही इथं निम्मं करा किंवा सोडून द्या. कालवायला नळयोजनेचं नाहीतर आरओचं पाणी घ्या.
उकळून क्षार जात नाहीत, उलट घट्ट होतात. तुरटीनं फक्त गाळ बसतो. खारं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून माणूस कमीच पितो, आणि मग मुतखडा.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांना वेगळी अडचण. हद्द लिटरला १.५ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात पाच लिटर पिणाऱ्याच्या पोटात त्या हद्दीवरच्या पाण्यानंही साडेसात मिलिग्रॅम रोज जातं. तिथं "भरपूर पाणी प्या" म्हणायच्या आधी कोणतं प्या ते सांगावं लागते. फ्लोराइडला चव नाही, रंग नाही. ग्रामपंचायतीकडून नमुना तपासून घ्या.

धसकट
@पूर्णाकाठ हा मुद्दा डोक्यातच नव्हता. फळ्यावर सगळ्यात वर कोणत्या विहिरीचं पाणी ते लिहितो.

आशा_रजिस्टर
फळ्यावर काहीही लिहा, बाया पाणी पिणार नाहीत. शेतात आडोसा नाही, म्हणून निघायच्या आधीपासूनच पाणी तोडतात. मग उन्हाळी लागते, लघवीत जंतू होतात, गरोदर बाईला तर त्यानं कळा लवकर येण्याचाही धोका. चार बांबू आणि जुन्या साड्या किंवा हिरवी नेट लावून आडोसा करा, हात धुवायला वेगळी कॅन ठेवा. आडोसा झाला की पिणं आपोआप वाढतं.
लघवीवरून ओळख सोपी आहे. फिकट पिवळी, दर तीन-चार तासांनी, तर ठीक. गर्द पिवळी आणि थोडीशी, तर पाणी कमी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका.
आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नाही, नवतपातही नाही. आईचं दूधच वारंवार पाजा, आणि पाणी आईनं प्यावं.

आजोबांचा_दुपट्टा
खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे कोणी लिहिलंच नाही!

वऱ्हाडी_ठेचा
ठेवा ना. दुपारी भाकरीसंग खाता येते. कांद्याचा तेवढा एकच उपयोग.

गावकुस
कांद्याच्या भरवशावर राहू नका, दुपट्टा ओला करून बांधा.
एक फरक मात्र ठळक लिहा. पायात गोळे, चक्कर, मळमळ, पण माणूस शुद्धीवर आणि नीट बोलतो: सावलीत आडवं करा, पाय वर, घोटघोट ओआरएस किंवा मिठाचं ताक. माणूस बरळतो, ओळखत नाही, झटका येतो, अंग चटका बसेल असं तापलंय: हा उष्माघात, शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर. इथं पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. पाणी अंगावर ओता. कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत भिजवा, सुपानं, पुठ्ठ्यानं, जे असेल त्यानं जोरात वारा घाला, बगलेत-जांघेत बर्फ. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, मेहनत करणाऱ्याला घामातही होतो. तापाची गोळी इथं काही कामाची नाही.
ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय (मूत्रपिंड, हृदय, पोटात पाणी होणं) किंवा लघवीची गोळी चालू आहे, त्यांनी वरचे तासाचे आकडे लावू नयेत. त्यांना ११ च्या आत घरीच पाठवा.

कपाशी७२
उन्हातून आल्याबरोबर थंड पाणी पिऊ नये, हे तरी खरं ना?

गावकुस
माठातलं खुशाल प्या. गार पाणी माणूस जास्त पितो, तेच तर हवंय. फ्रीजचं बर्फगार घटाघटा घेतलं तर कपाळ ठणकतं, पोटात मुरडा येतो, म्हणून सावकाश.

धसकट
आता हिशोब जमतो का पाहा. २० माणसं, ५ तास, तासाला ८०० मिली. ८० लिटर. म्हणजे २० लिटरच्या चार कॅन?

ताकमेढी
चार पिण्याच्या, पाचवी हात धुवायला आणि दुपट्टे भिजवायला. तिच्यावर रंगाचा पट्टा मारा म्हणजे अदलाबदल होणार नाही. त्यातच ९ वाजता माणशी एक पेला मिठाचं ताक धरा: २० पेले म्हणजे जवळपास पाच लिटर, एक लिटर दह्यात होतं. घरून निघताना प्रत्येकानं दोन पेले पिऊनच यायचं, ते या ८० लिटरमधे नाही. आणि कॅन धुऱ्यावर एका जागी ठेवू नका. पाणी २०० पावलांवर असेल तर तिथवर कोणी जात नाही. कामाची ओळ पुढं सरकेल तशी कॅन पुढं सरकवा, नाहीतर एक पोरगं तांब्या घेऊन फिरतं ठेवा.

पूर्णाकाठ
कॅनला ओलं गोणपाट गुंडाळा, वाऱ्याच्या तोंडाला, सावलीत. प्लास्टिकच्या कॅनला माठासारखी छिद्रं नसतात, म्हणून गोणपाट वाळलं की गारवा गेला. दर अर्ध्या तासानं भिजवा, त्याला खारं पाणी चालते. विहिरीचं पाणी असेल तर आदल्या रात्रीच मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाकून ठेवा, थेंब किती ते बाटलीवर पाहून. निदान अर्धा तास तरी मुरू द्या. गढूळ असेल तर आधी फडक्यानं गाळा, गाळात क्लोरीन वाया जाते.

आशा_रजिस्टर
नळाची कॅन घ्या किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला बुडवू देऊ नका. आणि फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतली तरी पाण्याला नाही. मागच्या हंगामातल्या पडून असतात, घाईत कोणीतरी तीच भरून आणते.

धसकट
आमच्या शेडमधे तशा तीन आहेत. आजच तळाला भोकं पाडतो.